आईच्या इच्छेचा रकाना

मला अर्ज भरता येतात. माणसाला एखादी तरी कला यावी म्हणतात, माझ्या वाट्याला ही आली. रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षं टेबल सांभाळलं आणि त्यातली निदान वीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढून ते परत करण्यात घालवली. रकाना कोरा दिसला की माझ्या अंगावर काटा यायचा. लिहायला काही नसेल तर ‘निरंक’ लिहा, संबंध नसेल तर ‘लागू नाही’ लिहा, पण कोरा सोडू नका, हा माझा धर्म. स्वतःच्या लग्नाच्या रजेचा अर्ज मी घाईत दिला तेव्हा ‘रजेच्या काळातील पत्ता’ लिहायचा राहिला होता. तो अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला आणि मी तो मलाच परत केला. साहेब हसले, शिपाई हसले. आई हसली नाही. म्हणाली, “मेल्या, मुलीकडच्यांना कळलं तर तेही तुला परत करतील.”

हे कौतुकाने सांगत नाहीये. ह्याच कलेने मी माझ्या आईचे शेवटचे दिवस तिला नको होते तसे करून ठेवले. तिला कसं जायचं आहे हे विचारायचा कागद माझ्या हातात आला होता. मी तो तिला न विचारता भरला. आणि व्यवस्थित भरला. एकही रकाना कोरा नाही.

आई तेव्हा शहाऐंशीची. मागीलदारी कोकमं वाळत घालताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आमचं घर पाखाडीच्या खाली, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाच्या साठ-पासष्ट पायऱ्या. चार माणसांनी तिला खुर्चीत बसवून वर नेली. वाटेत ती चौघांनाही ओरडत होती, “अरे, नारळाची पाटी नेताय का? सरळ धरा.” ऑपरेशन झालं, पण पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. वर्षभर माझ्या बायकोने तिचं सगळं केलं, मग बायकोची कंबर गेली. तेव्हा आईनेच विषय काढला.

“मला सड्यावरच्या त्या आश्रमात नेऊन ठेव.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक येतात का मला उचलायला? तिथे वारा आहे, बोलायला बाया आहेत, आणि मुख्य म्हणजे तू नाहीस.”

तर ती सड्यावर गेली. शहराबाहेर, उघड्या कातळावरचा वृद्धाश्रम. तीन खाटांची खोली, तिची खाट खिडकीशी. खिडकीबाहेर काजूची झाडं, आणि हवा स्वच्छ असली की लांबवर समुद्राची बोटभर रेघ. खोलीतल्या तिघींचं सगळं करायला एक मावशी होत्या, देवरूखच्याही पलीकडच्या गावातल्या, पन्नाशीच्या. आश्रम चालवणाऱ्या बाई जन्मभर नर्स होत्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मी दर रविवारी जायचो. खोलीत शिरलो की तिन्ही खाटा सावरून बसायच्या, कारण मी किस्से सांगायचो. बहुतेक माझ्याच फजितीचे. ते किस्से कधी संपले नाहीत.

एका गुरुवारी, डॉक्टर यायचा तो वार, काही औषध द्यायला गेलो होतो. सिस्टरांनी मला बसवून घेतलं आणि चार पानांचा कागद पुढे केला.

“भाऊ, हा आता सगळ्यांचा करतोय आम्ही. आजींशी बोलून भरायचा.”

“द्या की. आत्ता भरून देतो.”

“आत्ता नको. बोलून.”

“बोलून म्हणजे?”

“म्हणजे तोंडाने,” सिस्टर म्हणाल्या. मग जरा समजुतीने, “हे बघा, उद्या आजींना बोलता येईनासं झालं, तर त्यांच्या वतीने आम्ही कोणाला विचारायचं? गिळता येईना तर नाकातून नळी घालायची की नाही? हॉस्पिटलात हलवायचं की इथेच, त्यांच्या खाटेवर ठेवायचं? आज त्या स्वतः सांगतायत, धडधाकट डोक्याने. हवं तर डॉक्टर बसतील तुमच्याबरोबर. घाई नाही. पण बोलून भरा.”

तीनदा म्हणाल्या, बोलून. मी तीनदा मान हलवली.

आता माझीही बाजू ऐका, जी काय असेल ती. आम्ही दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. फुटलेल्या बांगडीलाही वाढवली म्हणतो. घरात कोणी वेडंवाकडं बोललं की आई म्हणायची, वास्तू तथास्तु म्हणते रे. त्या आईला जाऊन मी विचारायचं, तुला कसं मरायचंय? कुठल्या तोंडाने? माझं तोंड तर फक्त हसवायला तयार झालेलं.

म्हणून मी तोंड वापरलं नाही, पेन वापरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पडवीत बसलो आणि वीस मिनिटांत चारही पानं भरली. बायको दारात येऊन बघत होती.

“आईंना विचारलंत?”

“काय विचारायचंय? आई माझी आहे.”

“म्हणूनच विचारा.”

मी ऐकलं नाही. ‘रहिवाशास गिळता येत नसल्यास’ ह्यापुढे लिहिलं, ‘वैद्यकीय सल्ल्यानुसार’. ‘रुग्णालयात हलवावे काय’ ह्यापुढे लिहिलं, ‘होय. सर्व उपलब्ध उपचार करावेत.’ हे वाक्य मला फार आवडलं. आदेशासारखं ठसठशीत. लिहिताना आपण केवढ्या मोठ्या मनाचे आहोत असंही वाटून गेलं. ‘कोणते उपचार नको आहेत’ ह्यापुढे ‘लागू नाही’. शेवटच्या पानावर अर्धं पान रेघा मारून मोकळं ठेवलं होतं आणि वर छापलं होतं, ‘रहिवाशाची इच्छा, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत’. एवढ्या रेघा बघून मला कचेरीतलेच दिवस आठवले. पहिल्या रेघेवर, मधोमध, सुवाच्य अक्षरात मी लिहिलं, ‘निरंक’. खाली दोन रेघा ओढल्या, पुढे कोणी काही घुसडू नये म्हणून.

रविवारी आईची सही घ्यायला गेलो. आधारकार्डाच्या झेरॉक्सवर सही हवी होती, त्याच्याच खाली हा कागद ठेवला. तिने झेरॉक्सवर सही केली आणि हात पुढे केला.

“चष्मा दे.”

“कशाला? आश्रमाचा नेहमीचा कागद आहे.”

“मग तू वाच.”

मी वाचलं. नाव, वय, पत्ता, रक्तगट.

“बी?” आई म्हणाली. “शाळेत कधी ‘ब’ तुकडीत नव्हत्ये मी. म्हातारपणी घातलंत होय?”

शेजारच्या दोघी हसल्या, मी हसलो, आणि हसता हसता पुढची तीन पानं उलटली. एकेका सहीच्या जागी बोट ठेवत गेलो. ती सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून सही करत गेली. शेवटची सही झाल्यावर कागदाची जाडी बोटांत धरून म्हणाली, “एवढा मोठा कागद, आणि वाचायला एवढंच?”

“सरकारी पद्धत, आई.”

“तू भरलायस म्हणजे बरोबरच असेल.”

हे तिचं वाक्य मला आठवतं. नको असलेली वाक्यं नीट आठवतात.

सिस्टरांनी कागद माझ्यासमोरच वाचला. शेवटच्या पानावर थांबल्या.

“आजींची काहीच इच्छा नाही?”

“आई साधी आहे हो.”

“बोललात ना पण?”

“बोललो की.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, शाळेत कधी ब तुकडीत नव्हते.”

सिस्टर हसल्या नाहीत. कागद फायलीत लावता लावता म्हणाल्या, “हा कधीही बदलता येतो, भाऊ. कधीही.”

दोनेक महिने गेले. मधल्या खाटेवरच्या आजींना हॉस्पिटलात नेलं होतं, त्या परत आल्या त्या नाकात नळी घेऊनच. नळी ओढून काढू नये म्हणून दोन्ही हातांना कापडाच्या मुठी बांधलेल्या आणि त्या मुठी खाटेच्या दांडीला. कोणाला ओळख देत नव्हत्या. फक्त मुठी हलवायच्या. आईची खाट त्यांच्याकडे तोंड करून, म्हणजे दिवसभर तिला तेच समोर.

त्या रविवारी मी ओल्या काजूची उसळ घेऊन गेलो होतो. आईने डबा उघडू दिला नाही. मला जवळ बोलावलं, मनगट धरलं, आणि मधल्या खाटेकडे बघत एक वाक्य बोलली. फार लांब नाही. सावकाश, आधी मनात जुळवून ठेवल्यासारखं.

आणि मी म्हणालो, “तुझ्या नाकात नळी? अगं, एवढं ताठ नाक! ती बिचारी अर्ध्या वाटेतनं रजा टाकून परत येईल.”

तिसऱ्या खाटेवरच्या आजी खळखळून हसल्या. दारात उभ्या मावशींनी तोंडाला पदर लावला. आईसुद्धा हसली. माझ्या बोलण्याचं तिला हसू यायचंच, हाच तर घात झाला. हसू आवरून ती म्हणाली, “हसवू नको रे, ऐक.” तोवर मी डबा उघडला होता.

परत येताना, सड्याच्या उतारावर, स्कूटरवर मला तो कागद आठवला. तिला काय नको आहे ते तिने आज सांगितलं होतं, आणि फायलीत माझ्या अक्षरात नेमकं उलट लिहिलेलं होतं, खाली तिच्या सह्या. बदलायला हवा, हे मला त्या उतारावरच कळलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. मला कळलं नव्हतं असं नाही.

पण बदलायचा म्हणजे आईला सांगावं लागणार, की तुझ्याकडून मी तीन पानं लपवून सह्या घेतल्या. आणि मग ते दुसरंही सगळं बोलावं लागणार. म्हणून हा गुरुवार नको, पुढचा बघू. मग त्याच्या पुढचा. कचेरीत लोकांना मी असाच ‘उद्या या’ म्हणायचो, आता स्वतःलाच म्हणत होतो.

एका गुरुवारी मात्र गेलो. खरंच ठरवून गेलो. डॉक्टर खोलीच्या दारातच भेटले, सिस्टरांनी लगेच खुर्च्या मागवल्या. “चला, आजच बोलून टाकू आजींशी,” डॉक्टर म्हणाले. तरुण, घाईत नसलेला माणूस.

“आई झोपलीय हो आत्ता,” मी म्हणालो.

ते दोघं पुढच्या खोलीत गेले. मी वळून बघितलं तर आई उशीला टेकून बसलेली. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. माझं खोटं तिने लगेच खरं करून दिलं.

त्यानंतरच्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मावशी वेणी घालत असताना आईची मान एका बाजूला कलली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सिस्टरांनी मला तीन फोन केले. फोन स्कूटरच्या डिकीत होता आणि मी एका शेजाऱ्याच्या पाण्याच्या जोडणीचा अर्ज भरून देत होतो. हे मी रचून सांगत नाही. रचायचं असतं तर काही तरी बऱ्यापैकी रचलं असतं.

मी सापडलो नाही म्हणून सिस्टरांनी कागद काढला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी कागदाप्रमाणे केलं.

दुपारी एकला मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सर्व उपलब्ध उपचार सुरू झाले होते. नाकात नळी, नळीला गालावर चिकटपट्टी, छातीवर वायरी. उजवा हात गेलाच होता. डावा तेवढा जिवंत, आणि तोच पांढऱ्या पट्टीने दांडीला बांधलेला. आईचे डोळे उघडे होते. मला बघितल्यावर तो हात पट्टीत ताणला गेला.

मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. “ती नळी काढा हो.”

“का?”

“तिला नको आहे.”

त्यांनी आश्रमातून आलेल्या कागदाची प्रत समोर धरली. “इथे तर असं लिहिलंय. हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“छान आहे,” त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, सहज म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं. “पण आजी स्वतः काही बोलल्या होत्या का? बोलल्या असतील तर त्यांच्या शब्दांत सांगा. मी नोंद करून घेते.”

त्यांनी पेन उघडलं. आणि मी उभा राहिलो.

माझा विनोद मला शब्दशः आठवत होता. अर्ध्या वाटेतनं, रजा टाकून, परत. कोण कुठे बसून हसलं तेही आठवत होतं. मावशींच्या पदराचा रंगसुद्धा. आईचं वाक्य आठवेना. त्यात ‘नको’ होतं, ‘असं’ होतं. मनगटावरची तिची बोटं आठवत होती, आवाज आठवत होता, आणि त्या आवाजात शब्दच नव्हते. कारण ती बोलत असताना मी विनोद जुळवत होतो.

डॉक्टरीणबाई थांबल्या. मग पेन मिटून म्हणाल्या, “आठवून सांगा. मी आहे संध्याकाळपर्यंत.”

चारच्या सुमाराला मावशी आल्या. आईची पिशवी घेऊन, साडी, चष्मा, फणी. एसटीने सड्यावरून खाली आणि स्टँडवरून चालत. मी बाकावर बसलो होतो. काय झालं ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “भाऊ, आजी काय बोलायच्या ता मला ठाऊक हाय.”

मी त्यांना तसंच डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. मावशी आधी बुजल्या, मग पिशवी पोटाशी धरून एका दमात बोलून गेल्या, “आजी बोलायच्या, माझ्या नाकात नळी नको. माझं हात बांदू नका. घशाखाली उतरंल तेवडी पेज द्या, नाय उतरली तर नको. खिडकीजवळची खाट सोडून मला कुठंच नेव नका. आनी केस रोज विंचरा, कळत नसलं तरी विंचरा.”

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मी विचारलं, “तुम्हाला हे कधी सांगितलं तिनं?”

“रोज. येनी घालताना.”

“रोज? मग मला का नाही सांगितलंत?”

मावशी माझ्याकडे बघेनात. “आजी नको बोलल्या. बोलल्या, त्याला झेपायचं नाय. तो हसून नेतो ना, तवा त्याला आतनं रडू येत असतं. ल्हानपनापास्नं तसाच हाय बोलल्या.”

मी त्या बाकावर परत जाऊन बसलो. आईने मला पकडलं होतं, साठ वर्षांपूर्वीच पकडलं होतं, आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. माझ्या वाटणीचं न बोलणं तीच निभावत होती. स्वतःचं मरण ती परक्या बाईला सांगत राहिली, मुलाला त्रास नको म्हणून. आणि मुलगा रविवारी येऊन किस्से सांगून जायचा, आणि घरी बायकोला म्हणायचा, आई मजेत आहे.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांना दोष नाही. त्या म्हणाल्या, “नळी न घालणं सोपं होतं. घातलेली काढायची तर दुसऱ्या डॉक्टरांनी बघायला हवं, आम्ही बसून ठरवायला हवं, लेखी हवं. चार दिवस द्या. आजींना बरं वाटण्यासारखं आता काही नाही, हे मलाही दिसतंय.”

चार दिवस दिले. माझे नव्हतेच ते. तिचे दिले.

त्या चार दिवसांत दुपारी दोन ते पाच मला आत बसायची परवानगी होती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, मी असेन तेवढा वेळ तरी तिचा हात सोडाल का? तिथली नर्स म्हणाली, सोडते, पण तुम्ही धरून बसायचं. नळी ओढली तर परत घालावी लागेल, आणि ते त्यांना जास्त त्रासाचं. मी हो म्हटलं. मोठ्या आनंदाने. म्हटलं, हे तरी माझ्या हातून होतंय.

पट्टी सुटली. आईने बोटं उघडली, मिटली, उघडली. मग हात नाकाकडे निघाला.

मी धरला. तिने ओढला. जन्मभर नारळ खवलेला हात तो, त्यात अजून जोर होता. मी दोन्ही हातांनी धरला. तेव्हा तिने मान जरा वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी ते सोसलं असतं. ती नुसती बघत होती, दारात उभ्या माणसाने वाट द्यावी म्हणून थांबावं तशी. सवयीने माझ्या तोंडाशी एक विनोद आला. खरंच आला. तो मी गिळला, आणि त्याच्या जागी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

“आई, चार दिवस,” एवढंच म्हणालो.

दोन ते पाच. तीन तास. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात निघायचा आणि मी तो खाली आणायचो. पट्टीवर तिचा राग नसावा, पट्टीला काय कळतं. मी तर मुलगा होतो. पाच वाजता नर्स येऊन पट्टी बांधायची तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायचं. आणि जिना उतरताना त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी हात कमी वेळा निघाला. चौथ्या दिवशी निघालाच नाही. मी धरून बसलो होतो, पण धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. सैल बोटं नुसती माझ्या तळव्यात पडून होती. मी म्हणत होतो, ओढ ना, आई. मनात म्हणत होतो.

पाचव्या दिवशी नळी काढली. दुपारपर्यंत आईला सड्यावर आणलं, खिडकीजवळच्या खाटेवर. चिकटपट्टीने गालाची कातडी निघाली होती, तिथे सिस्टरांनी मलम लावलं. मावशींनी मांडीवर डोकं घेऊन केसांतला गुंता सोडवला, तेल लावलं, दोन बोटांएवढी उरलेली वेणी घातली. आईने डोळे उघडले नाहीत. खिडकी उघडी होती, हवा स्वच्छ होती, समुद्राची रेघ दिसत होती. आम्हालाच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी पातळ पेज आणली. चमच्याच्या टोकावर घेऊन ओठाला लावली. ओठ हलले नाहीत, पेज हनुवटीवर ओघळली. मावशींनी पदराने पुसली. “नको तर नको, आजी,” असं म्हणून वाटी खाली ठेवली. इतकं साधं होतं ते. चार पानं लागत नव्हती त्याला.

मी खाटेच्या कडेला बसलो होतो. मधल्या खाटेवरच्या आजींच्या मुठी आज हलत नव्हत्या. तिसऱ्या खाटेवरच्या आजी माझ्याकडे बघत होत्या, मी आता काही तरी बोलेन आणि हसायला येईल अशा सवयीने. मी आईच्या कानाशी वाकलो आणि विचारलं, “आई, तुला कसं हवंय?”

मोठ्याने विचारलं. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही. मी थांबलो, जसा कधीच थांबलो नव्हतो. एक श्वास आला, बऱ्याच वेळाने दुसरा आला. दुपारी साडेतीनच्या पुढे, केव्हातरी, पुढचा आला नाही. सिस्टरांनी मनगट धरून बघितलं आणि मला मान हलवून सांगितलं.

दिवसवार झाले. लोक भेटायला आले आणि म्हणाले, नशीबवान हो तुमची आई, फार अंथरुणाला खिळली नाही, पाच-सहा दिवसांत सुटली. मी मान हलवायचो. त्या पाच-सहा दिवसांतल्या दुपारच्या तीन-तीन तासांचं मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, ते एवढ्यात.

अजूनही रविवारी मी सड्यावर जातो. तिसऱ्या खाटेवरच्या आजींना किस्सा लागतो, एखादा सांगतो. खिडकीजवळच्या खाटेवर आता दुसऱ्या कोणी आल्या आहेत. निघताना मावशी एकट्या सापडल्या की बाहेर कट्ट्यावर बसून मी त्यांना विचारतो, मावशी, आई काय म्हणायची ते परत सांगा ना. त्या सांगतात. नळी नको, हात बांदू नका, उतरंल तेवडी पेज. न कंटाळता सांगतात.

गेल्या वेळी मी म्हणालो, “असं नाही, मावशी. तिच्याच शब्दांत सांगा. ती अगदी कशी म्हणायची तसं.”

मावशींनी खरंच प्रयत्न केला. डोळे बारीक करून आठवलं, ओठ हलवून बघितले. मग मान हलवली.

“मी माझ्या तोंडानंच सांगनार ना, भाऊ. त्यांच्या तोंडचं मी कुठनं आनू? त्या रविवारी तुमी होतात की.”

होतो. हातभर अंतरावर होतो, आणि मनगट तिच्या हातात होतं.